दिव्याची काच फुटली तर

दिवाळीच्या आधीचे आठ-पंधरा दिवस म्हणजे इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर यांसारख्या मराठी वस्त्यांमधून घरे धुऊन-पुसून काढण्याचे दिवस. माळ्यावरचे सामान खाली येते, भिंतींना रंग लागतो आणि वर्षभर कोणी हात न लावलेल्या दिव्यांवरची धूळही याच सुमारास निघते. दिव्यांच्या काचा फुटतात त्याही बहुधा याच दिवसांत. दुधी काचेचा गोळा ओल्या हातातून निसटतो, किंवा तापलेल्या काचेवर गार पाण्याचे फडके फिरते आणि ती जागच्या जागी तडकते. पुढे जे घडते ते बहुतेक घरांतून सारखेच असते. तुकडे केरात जातात, बल्ब काही दिवस उघडाच जळतो आणि अखेर कोणीतरी सुचविते की, आता हा दिवाच बदलून टाकावा. मग पितळी दांडा, साखळी, छताजवळची वाटी असे वाडवडिलांच्या वेळेपासून टिकलेले साहित्य भंगारात निघते. त्यात बिघडलेले काहीच नसते. फुटलेली असते ती केवळ काच.

वास्तविक काच हा दिव्याचा बदलता येण्याजोगा भाग आहे आणि पूर्वी हे कोणाला सांगावे लागत नसे. ज्या पिढीने घरोघरी कंदील वापरले, त्या पिढीला कंदील एक आणि त्याच्या काचा अनेक, हा हिशेब पाठ होता. कराडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. त्या वस्तीला पुढे ओगलेवाडी हेच नाव पडले आणि तेथील 'प्रभाकर' कंदील मराठी मुलखात घरोघरी पोहोचला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. लोकांनी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या निधीतून देशी काच तयार करण्याचे शिक्षण तेथे दिले जाई. कंदिलाची काच चुलीतल्या राखेने रोज पुसली जाई. ती केव्हा ना केव्हा तडके आणि तेवढीच काच बाजारातून आणून बसविली जाई. काचेपायी कंदील टाकून देणे कोणाच्या स्वप्नातही नसे. विजेच्या दिव्यांच्या बाबतीत ही सवय मोडली, याचे एक कारण असे की, कंदिलाची काच ठराविक मापाची असे, तर विजेच्या दिव्यांच्या काचा नाना आकारांच्या असतात आणि त्यांचे माप कसे घ्यावे हे सहसा कोणी सांगत नाही.

काच फुटताच काय करावे

सर्वप्रथम वीज बंद करावी, आणि ती भिंतीवरच्या बटणाने नव्हे. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले अनेकदा आढळते. असे बटण बंद केल्यास दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये विजेचा दाब कायम राहतो. विझलेल्या दिव्याला हात लावणाऱ्यास धक्का बसण्याच्या घटनांमागे ही चूक पुष्कळदा असते. बटण बंद केल्यावरही एल.ई.डी. बल्ब रात्री मंद मिणमिणत असेल, तर या दोषाची शंका अवश्य घ्यावी आणि परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. सबब, काम हाती घेण्यापूर्वी मीटरजवळचा मुख्य स्विच किंवा त्या खोलीचा एम.सी.बी. बंद करणे अगत्याचे आहे.

ज्या घरात इन्व्हर्टर आहे, तेथे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मुख्य स्विच बंद होताच पुरवठा गेला असे समजून इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि दिव्यांच्या तारांत पुन्हा २३० व्होल्टचा दाब येतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा. जिन्यातील दिव्याला खाली आणि वर अशी दोन बटणे असतात. एकाने काम करावे आणि दुसऱ्याने नकळत वरचे बटण दाबावे, असा प्रसंग घडू शकतो. मुख्य स्विचवर 'काम चालू आहे' एवढी चिठ्ठी लावली किंवा घरातील एका माणसास तेथे उभे केले, तरी हा धोका टळतो.

त्यानंतर तुकडे गोळा करावेत. पायात चपला असाव्यात आणि मुलांना खोलीबाहेर ठेवावे. दिव्याखाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्रे अंथरून, हातात जाड मोजे घालून, अद्याप दिव्यात अडकलेले तुकडे प्रथम काढावेत. वर पाहून काम करावयाचे असल्याने डोळ्यांवर चष्मा असावा. काचेचा कण डोळ्यात जाणे ही हात कापण्याहून फार मोठी इजा होय. खुर्चीवर स्टूल रचून चढण्याचा मोह टाळावा. शिडी किंवा मजबूत घडवंची घ्यावी आणि ती दुसऱ्याने धरावी. जुन्या घरांची छते उंच असतात. अशा वेळी साठीच्या पुढील गृहस्थांनी स्वतः वर न चढता खालून सूचना देण्याचे काम पत्करावे, हे उत्तम. जमिनीवरचा बारीक चुरा झाडूने पूर्ण निघत नाही. त्यासाठी घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा किंवा ओला कापूस फरशीवर टिपत न्यावा. हा उपाय आपल्या घरांतून पूर्वापार चालत आला आहे. कणीक मात्र लगेच टाकून द्यावी, गायीगुरांना घालू नये.

काचेबरोबर बल्बही फुटला असेल आणि त्याचे पितळी टोपण होल्डरमध्ये अडकले असेल, तर वीज बंद असल्याची दुहेरी खात्री करूनच ते पकडीने धरून, किंचित आत दाबून फिरवावे. फुटलेला बल्ब सी.एफ.एल. जातीचा असल्यास घाई करू नये. त्यात थोडा पारा असतो. खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोली मोकळी सोडावी आणि मगच ओल्या कागदाने चुरा टिपून घ्यावा.

गळ्याचे माप

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना. सर्व तुकडे टाकून देऊ नयेत. काचेचा जो भाग पितळी कड्यात बसतो तो तिचा गळा होय, आणि गळ्याचे तुकडे, ते कितीही लहान असले तरी, जपून ठेवावेत. नवी काच दिव्यात बसेल की नाही हे तिच्या पोटाच्या फुगीरपणावर किंवा नक्षीवर अवलंबून नसते; ते गळ्यावर ठरते. घुमट थोडा लहान-मोठा झाला तर चालते, पण गळ्यात चार मिलिमीटरचा फरक पडला तर काच एक तर आत जात नाही, नाही तर सैल बसून खाली येते.

गळा शाबूत असल्यास त्याचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजावा. तुटला असल्यास पितळी कड्याच्या आतील तोंडाएवढी पुठ्ठ्याची चकती कापावी आणि ती कड्यात सहज बसेल व किंचित हलेल अशी घासून घ्यावी. ही चकती खिशात घालून बाजारात जाणे सर्वांत खात्रीचे. तिसरा मार्ग दोऱ्याचा. गळ्याभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी, तिला सातने गुणून बावीसने भागावे. दोरा २६ सेंटिमीटर भरला तर व्यास सुमारे ८.३ सेंटिमीटर, म्हणजेच सव्वातीन इंच येतो. सव्वादोन, सव्वातीन आणि चार इंच ही विलायती वळणाच्या दिव्यांची प्रचलित मापे होत. आपल्याकडील जुने दिवे पुष्कळदा त्याच मापांचे निघतात.

माप अचूक घेण्याचे कारण काच कशी घडते यात आहे. असे गोळे साच्यात फुंकून तयार होतात आणि नंतर फुंकनळीकडचे तोंड कापून त्याची कड घासली जाते. हाताने होणाऱ्या या कामात एकाच घाण्यातील दोन गोळ्यांच्या गळ्यांतही मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे अंतर पडते. त्यासाठीच कड्याला तीन स्क्रू ठेवलेले असतात. हा फरक ते सांभाळून घेतात. त्यापेक्षा अधिक फरक मात्र त्यांच्याकडून अपेक्षू नये.

सर्वच काचा तीन स्क्रूंनी धरलेल्या नसतात. काही शेडना वर केवळ एक भोक असते. होल्डरची चकती फिरवून काढावयाची, शेड होल्डरवर चढवावयाची आणि चकती पुन्हा आवळावयाची, अशी त्यांची रीत. येथे भोकाचा व्यास पाहावा. दोन पिनांच्या बल्बच्या होल्डरला सुमारे २८-२९ मिलिमीटरचे भोक लागते, तर आट्याच्या बल्बच्या होल्डरला बहुधा ४० मिलिमीटरहून थोडे मोठे. न्हाणीघरातील आणि अंगणातील दिव्यांच्या काचांना गळ्यालाच आटे असतात. त्यांच्यासाठी त्याच बनावटीची काच शोधावी लागते आणि सोबतचे रबरी कडेही नवे घ्यावे, कारण पाणी अडविण्याचे काम तेच करते. फाटकाच्या खांबावरील चौकोनी कंदिलाकृती दिव्यांची गोष्ट सर्वांत सोपी आहे. त्यांत साध्या सपाट काचा असतात. तसबिरींना चौकट घालणारा कोणताही दुकानदार मापाप्रमाणे अशी काच कापून देतो.

जुन्या घरांतील हंड्या मात्र या कोणत्याच मापात बसत नाहीत. मूळच्या मेणबत्ती अथवा तेलाच्या दिव्यासाठी केलेल्या या काचा नंतर विजेवर चालू लागल्या, त्या प्रत्येकीची घडण निराळी असते. दिवा आणि वास्तू एकमेकांसाठी घडविण्याची कल्पना इंदूरला अपरिचित नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत माणिकबाग राजवाडा उभारला, तेव्हा इमारतीबरोबर तिच्या आतील सामानाचीही आखणी केली. १९८० मध्ये त्या सामानाचा मोनाको येथे लिलाव झाला आणि राजवाड्यात पुढे सरकारी कार्यालय आले. जी वस्तू ज्या जागेसाठी घडली तेथून ती हलली, की तिचा जोड मिळणे कठीण होते. घरातील हंडीचेही तसेच आहे. तिची काच फुटल्यास मिळतीजुळती काच शोधण्यात घाई न करता कडे, साखळ्या व आकडे नीट बांधून ठेवावेत. विजेच्या तारेवर हंडीचा भार कदापि टाकू नये, तो साखळीनेच पेलला पाहिजे.

काचेची निवड

फुटलेल्या तुकड्याची कड उजेडात धरून पाहिली, तर तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येते. कड आरपार पांढरी असेल तर ती अस्सल दुधी काच. काचेच्या रसात फ्लोरीनयुक्त क्षार मिसळले म्हणजे ती थंड होताना आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. पारदर्शक कडेवर पांढरा पातळ थर दिसल्यास ती दोन थरांची काच समजावी. कड स्वच्छ पारदर्शक आणि केवळ पृष्ठभाग खरखरीत असेल, तर वाळूचा मारा करून किंवा आम्लाने तो तसा केलेला असतो. अशा काचेवर बोटांचे तेलकट डाग चटकन उमटतात. स्वयंपाकघरासाठी म्हणूनच दुधी काच बरी.

इंदूरमध्ये विजेच्या सामानाची बाजारपेठ महाराणी रोडवर आहे. बाजारात मिळणाऱ्या देशी शेडपैकी पुष्कळ माल उत्तर प्रदेशातील फिरोजाबादचा असतो. बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी दिव्यांच्या काचा आणि झुंबरांचे लोलकही बनतात. ताजमहालाच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर त्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले, हेही या निमित्ताने नमूद करण्यासारखे आहे.

दुकानात काच घेताना मडके घेतो तशी ती वाजवून घ्यावी. गळ्याशी धरून नखाने हलकेच टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत आला पाहिजे; बद्द आवाज आल्यास कोठेतरी केसासारखी चीर आहे असे समजावे. गळ्याची कड बोटाने चाचपून पाहावी. ती कपच्या उडालेली असेल तर तडा तेथूनच सुरू होतो. घडविल्यानंतर काच भट्टीत सावकाश थंड करावी लागते. त्यात कसूर झाली असेल तर आतील ताण तसाच राहतो आणि अशी काच एखाद्या दिवशी कोणी हात न लावताही फुटते. शक्य असल्यास एकाच मापाच्या दोन काचा घ्याव्यात. चार दिव्यांच्या झुंबरातील एक फुटली असेल आणि तशीच मिळत नसेल, तर एकच निराळी लावण्यापेक्षा चारही बदलणे दिसावयास बरे, आणि उरलेल्या तीन पुढील दुरुस्तीसाठी जपून ठेवता येतात.

काच मुळीच न मिळाल्यास प्लॅस्टिकची शेड हा पर्याय उरतो. ती फुटत नाही, वजनाला हलकी असते. पण काही वर्षांत पिवळी पडते, आणि जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बबरोबर ती केव्हाही वापरू नये.

बसविताना

काच बसविण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. कड्याचे तिन्ही स्क्रू पुरेसे मागे घ्यावेत, काच दोन्ही हातांनी सरळ वर न्यावी, गळ्याची बाहेर वळलेली कड स्क्रूंच्या टोकांच्या वर गेली आहे हे पाहावे आणि मग तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे पुढे आणावेत. एकच स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे वळणे चूक. स्क्रूंनी काचेला दाबावयाचे नसते, फक्त खाली येऊ द्यावयाचे नसते. सर्व स्क्रू काचेला टेकल्यावर काच हाताने किंचित फिरली पाहिजे. पुष्कळ लोक ती सैल वाटते म्हणून पक्कड लावून आवळतात. त्यामुळे स्क्रूच्या टोकाशी सारा ताण एका बिंदूवर येतो आणि दिवा दोन-चार वेळा तापून निवला की काच नेमकी तेथे तडकते. घरी बदललेली काच महिन्याभरात पुन्हा फुटली, तर दोष दुकानदाराला देण्यापूर्वी स्क्रू आठवून पाहावेत. स्क्रूच्या टोकांवर रबराची किंवा कापडाची बारीक टोपणे चढविल्यास काच सुरक्षित राहते.

बल्बची निवडही काचेच्या आयुष्याशी संबंधित आहे. जुना तारेचा बल्ब जेवढी वीज घेई तिचा दहावा भागही प्रकाशात उतरत नसे, बाकी सारी उष्णता होई. साठ वॅटच्या बल्बने तापलेली काच ओल्या फडक्याने पुसली, की तिचा बाहेरचा पृष्ठभाग एकदम आक्रसतो, आतला मात्र फुगलेलाच राहतो, आणि काच या ओढाताणीत फाटते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेखाली देशभरात छत्तीस कोटींहून अधिक एल.ई.डी. बल्ब वाटले गेले. साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड आठ-नऊ वॅटमध्ये मिळू लागल्याने काचेवरचा हा ताण पुष्कळ कमी झाला आहे. तथापि पूर्ण बंद गोळ्यात एल.ई.डी. बल्बला स्वतःचीच उष्णता सोसावी लागते आणि त्याचे आयुष्य घटते, म्हणून तेथे कमी वॅटचा बल्ब लावावा. बल्ब कोणताही असो, तो काचेला टेकता कामा नये. सर्व बाजूंनी बोटभर तरी अंतर हवे.

पुढील साफसफाईच्या वेळी दिवा किमान अर्धा तास आधी बंद करावा. काच खाली उतरवून बादलीत टॉवेल अंथरून कोमट पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी झाल्यावरच वर चढवावी. पावसाळ्यात गोळ्यात साचणारे पतंग-किडेही त्याच वेळी निघून जातात.

तुकड्यांची विल्हेवाट

नवी काच नीट बसल्याची खात्री झाली, म्हणजे जपून ठेवलेले गळ्याचे तुकडे टाकावयास हरकत नाही. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या इंदूरमध्ये घरोघरी येणाऱ्या कचरा-गाडीत निरनिराळ्या कचऱ्यासाठी निरनिराळे कप्पे असतात. साधी काच सुक्या कचऱ्यात जाते; सी.एफ.एल. आणि ट्यूबलाइट घातक घरगुती कचऱ्यात द्यावयाच्या असतात. गाडीतील हा सुका कचरा पुढे वर्गीकरणासाठी जातो आणि तेथे माणसे तो हाताने निवडतात. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला काचेचा तुकडा पिशवी फाडून मोजे घातलेल्या हातातही घुसतो. त्यासाठी तुकडे वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावेत, खोके चिकटपट्टीने बंद करावे, त्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' असे हिंदीत व मराठीत सारखेच वाचता येईल असे लिहावे, आणि ते ढिगात न टाकता गाडीवरील कर्मचाऱ्याच्या हाती, आत काय आहे ते सांगून द्यावे.